मामांचं विमान: १/३२ मिग-२१ (टाइप ९६) बांधणी

लक्ष्मीनगरकर | ९ फेब्रुवारी २०२५

शुक्रवारी खोकं आलं. ट्रम्पेटर कंपनीचं १/३२ मिग-२१एमएफचं किट, म्हणजे खऱ्या लढाऊ विमानाच्या बत्तीसाव्या हिश्शाएवढं प्लॅस्टिकचं मॉडेल. आजवर मी १/७२ आणि १/४८ चीच विमानं बांधली, एवढं मोठं हे पहिलंच. खऱ्या मिगच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे मॉडेलवर साडेबावीस सेंटिमीटरच्या आतबाहेर. लांबी मात्र ४५ च्या पुढे जाते. टेबलावर धड (विमानाचा मधला लांब भाग) ठेवलं की बाण ठेवल्यासारखं दिसतं.

माझे मामा हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे. नोकरीतला त्यांच्याकडे एकच रंगीत फोटो आहे, १९८६ सालचा. टाइप ९६ च्या नाकाशी हात टेकवून उभे आहेत, उन्हामुळे डोळे बारीक केलेले, हातात फडकं. वरून हिरवा-तपकिरी रंग, खालून फिकट राखाडी. मला ते विमान बांधायचं आहे, त्या सकाळी होतं तसं. मामा आता ६७ वर्षांचे आहेत, नागपुरात नंदनवनला राहतात, आणि दर रविवारी येऊन बघणार आहेत.

टाइप ९६ म्हणजे मिग-२१एम, नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) बांधलेलं. एम आणि एमएफमधला मुख्य फरक इंजिनाचा: एमला आर-११, एमएफला आर-१३. बाहेरून फार काही बदलत नाही, म्हणून हे किट चालतं. या विमानांवर कुणी काम केलं असेल तर जरूर लिहा. जुने फोटो असतील तर सोन्याहून पिवळं.

तर्री_पोहे | ९ फेब्रुवारी २०२५

भाऊ, मस्त! पण ७१ च्या लढाईतलं काऊन नाही करत? ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेट मारलेलं तेच ना हे?

ओझरची_वाट | १० फेब्रुवारी २०२५

तर्री_पोहे, ते टाइप ७७, म्हणजे मिग-२१एफएल. १४ डिसेंबर १९७१ च्या हल्ल्यात तीच होती. टाइप ९६ नंतर आलं. दोन्ही लांबून सारखी वाटतात, पण या किटमधून टाइप ७७ काढायचं म्हटलं तर अर्धं विमान नव्याने घडवावं लागेल. ७७ ची कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं काचेचं झाकण, पुढच्या बाजूला बिजागरी असलेली, वर-पुढे उघडणारी. ९६ ची उजवीकडे कलंडते. ७७ ला पंखाखाली शस्त्रं टांगायचे पायलन दोनच, ९६ ला चार. ७७ ला अंगची तोफ नव्हती, पोटाखाली जीपी-९ नावाचा तोफेचा पॉड टांगायचे. ९६ मध्ये २३ मिमीची दुनळी जीएसएच-२३ पोटातच बसवलेली आहे. शिवाय पाठीचा कणा ९६ चा जास्त फुगीर, आणि पिटो ट्यूब, म्हणजे वेग मोजायची नळी, नाकाच्या वर पण मधोमध नाही, किंचित उजवीकडे.

माझे वडील ओझरच्या कारखान्यात होते. लहानपणी आम्ही आवाजावरून ओळखायचो की आज चाचणी उड्डाण आहे. लक्ष्मीनगरकर, धागा चालू ठेवा.

इतवारीवाला | १० फेब्रुवारी २०२५

हत्यारांसाठी ऑनलाइन जास्त पैसे घालवू नका. इतवारीत सराफा ओळीच्या आसपास सोनारांची हत्यारं विकणारी दुकानं आहेत. हाताने फिरवायचं बारीक ड्रिल, अर्ध्या मिलिमीटरच्या आतल्या सुया, उंदराच्या शेपटीसारखी गोल कानस, टोकदार चिमटे, सगळं मिळतं. पाती मेडिकलच्या दुकानातून घ्या: ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि त्याची ३ नंबरची मूठ. तांब्याची केसासारखी तार मोटार वाइंडिंगवाले मूठभर अशीच देतात. कॉकपिटच्या वायरिंगला हीच लागेल.

लक्ष्मीनगरकर | ९ मार्च २०२५

इतवारीवाला, तुमचे आभार. हातड्रिल आणि दोन चिमटे घेऊन आलो.

महिनाभर फक्त कॉकपिट केलं. सुटे भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या फ्रेमा आधी भांड्याच्या साबणाने धुऊन घेतल्या. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल प्लॅस्टिकवर राहतं आणि पुढे तिथेच रंग सुटतो. नवीन लोक ही पायरी गाळतात, गाळू नका.

सोव्हिएत लढाऊ विमानांच्या कॉकपिटला तो प्रसिद्ध निळसर हिरवा, फिरोजी रंग असतो. मी बाटलीतून काढला तसा भरला आणि कोपऱ्याकोपऱ्यावर स्पंजने चंदेरी खरचटे मारले, सगळीकडे सारखे. मामांनी भिंग मागितलं. बराच वेळ बघून म्हणाले, "इथं कोणाचा हात जातच नाही, मग रंग कायनं उडाला?"

मग त्यांनी खुर्चीवर बसून दाखवलं. कॅनॉपी उजवीकडे कलंडते, म्हणजे शिडी डावीकडे. पायलट डाव्या काठावरून पाय टाकतो, हात त्याच काठावर टेकतो. म्हणून डावा काठ घासलेला आणि उजवा जवळपास नवा. सीटच्या समोर टाचा घासतात तेवढी जमीन झिजलेली. इन्स्ट्रुमेंट पॅनलच्या मागच्या बाजूला हात फक्त टेक्निशियनचा, तिथे स्क्रूभोवती रंग गेलेला. बाकी ठिकाणी रंग उन्हाने विटतो, उडत नाही.

मी सगळं पुसून पुन्हा रंगवलं. डायलच्या काचांसाठी प्रत्येकी पारदर्शक वार्निशचा एक थेंब.

रंगरेषा | ९ मार्च २०२५

मी विमानं बांधत नाही, तैलरंगात चित्रं काढते, पण हे वाचून राहवलं नाही. विटलेला रंग दाखवायला पांढरा मिसळू नका, खडूसारखं दिसतं. त्याच रंगात किंचित पिवळसर राखाडी मिसळून बघा. उन्हात विटलेला रंग पिवळटाकडे झुकतो. तैलरंगाचे अगदी छोटे ठिपके देऊन कोरड्या ब्रशने ओढलेत तर कडा दिसणार नाहीत. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवा, पुठ्ठा तेल शोषतो आणि रंग मॅट वाळतो.

लक्ष्मीनगरकर | ३० मार्च २०२५

रंगरेषा, पुठ्ठ्याची युक्ती फार कामाची निघाली.

या आठवड्यात धड बंद केलं. त्याआधी वजनाचं बघावं लागलं, कारण तीन चाकांवर उभं राहणारं मॉडेल शेपटीवर बसण्याची भीती असते आणि धड एकदा चिकटलं की आत काही घालता येत नाही. दोन्ही बाजू, पंख, शेपूट सगळं टेपने बांधलं, मुख्य चाकांच्या जागी खाली पेन्सिल आडवी ठेवली आणि नाक आपोआप झुकेपर्यंत गळाला लावायचं शिसं आत टाकत गेलो. झुकल्यावर आणखी थोडं टाकलं, कारण रंग आणि मागचे बारीक भाग नंतर चढतात. शिसं एम-सीलमध्ये दाबून बसवलं. नुसतं गोंदावर ठेवलं तर सुटतं, आणि मग विमान उचललं की आत खडखडतं.

सांधे भरायला पुट्टीपेक्षा मला त्याच किटच्या फ्रेमचे तुकडे पातळ सिमेंटमध्ये (प्लॅस्टिक जोडायचा पातळ गोंद) विरघळवून केलेली लापशी आवडते. दोन दिवस वाळू द्यायची. वाळल्यावर ती मूळ प्लॅस्टिकइतकीच कठीण होते, त्यामुळे घासताना खड्डा पडत नाही. पाणी लावून ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ६००, मग १०००. घासण्यात पुसल्या गेलेल्या पॅनलच्या रेघा जाड टेपच्या आधाराने पुन्हा कोरल्या.

इथेच एक हिशेब समोर आला, आणि तो या धाग्यातल्या कुठल्याही युक्तीपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो. मी कोरलेली पहिली रेघ ०.३ मिमी रुंद होती. गुणिले ३२. खऱ्या विमानावर ती जवळपास एक सेंटिमीटरची फट झाली. मामांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "एक सेंटिमीटर फट असती तर आम्ही ते विमान लाइनवर काढलंच नसतं." ती रेघ भरून टाकली आणि नव्या सुईने पुन्हा कोरली. जी पॅनलं उघडायची असतात, इंजिनाकडे जायची, दारूगोळ्याची, त्यांच्या रेघा थोड्या ठळक. जे पत्रे कारखान्यात बसल्यावर परत उघडत नाहीत त्यांच्या जेमतेम दिसणाऱ्या.

अंबाझरी_काठ | ३१ मार्च २०२५

हा गुणाकार माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता. माझ्या १/७२ च्या विमानांवर रेघा पाव मिमीच्या आहेत. ७२ ने गुणलं तर १८ मिमी. आता रात्री झोप येणार नाही.

लक्ष्मीनगरकर | ३१ मार्च २०२५

अंबाझरी_काठ, लहान स्केलमध्ये डोळा थोडं माफ करतो. एवढुशा विमानावर खरी रेघ काढली तर ती दिसणारच नाही, म्हणून तिथे रेघ ही एक खूण असते. १/३२ मध्ये माणूस जवळ येऊन बघतो आणि त्याला खरा पत्रा हवा असतो.

लक्ष्मीनगरकर | २० एप्रिल २०२५

पारा ४४ च्या आसपास आणि मी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारायला बसलो. दुपारी मारलेला पहिला हात हाताला पॉलिश पेपरसारखा लागला. एअरब्रशमधून निघालेला थेंब विमानापर्यंत पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि पृष्ठभागावर भुकटी होऊन बसतो. २००० च्या कागदाने पाण्यात घासून काढलं. आता पहाटे साडेपाचला उठून मारतो. थिनर नेहमीपेक्षा जास्त, त्यात वाळणं लांबवणारं रिटार्डर थोडं, दाब १५ पीएसआयच्या जवळ आणि ब्रश अगदी जवळ धरून. नोझल ०.३ मिमीची.

तर्री_पोहे | २० एप्रिल २०२५

भाऊ, कूलरपुढं बसून मारा ना मग.

लक्ष्मीनगरकर | २० एप्रिल २०२५

तेच करू नका. कूलरची हवा ओली असते आणि वाळ्याच्या ताट्यांतून कुसं उडतात. एक कूस माझ्या उजव्या पंखावर प्रायमरखाली कायमचं बसलं होतं, सुईने उकरून काढावं लागलं. रंगाच्या खोलीत कूलर बंद, पंखा बंद. खिडकीत पुठ्ठ्याचं खोकं बसवून त्याला स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावला आहे, आणि तोंडाला वाफ गाळणाऱ्या डब्यांचा मास्क. थिनर छातीत जातं, त्यात हयगय नको.

अंबाझरी_काठ | २१ एप्रिल २०२५

भर घालतो: गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत प्लॅस्टिकचं काही ठेवू नका. माझ्या हंटर विमानाच्या मॉडेलचा पंख तिथे मागच्या मे महिन्यात केळीच्या पानासारखा वाकला. कढत पाण्यात धरून, हळूहळू दाबून, गार पाण्यात बुडवला तेव्हा बराचसा सरळ झाला. पातळ मागची कड मात्र अजून लहरते.

लक्ष्मीनगरकर | १३ जुलै २०२५

हिरवा-तपकिरी रंग जूनमध्ये झाला. नाकातला शंकू आणि शेपटीचं टोक हिरवं. तिथे धातू नसतो, आत रडार आणि अँटेना असतात आणि लहरी आरपार जायला हव्यात. मागचा जळका भाग काळ्या चकचकीत थरावर तीन वेगवेगळ्या धातूरंगांनी केला.

मग परवा पावसात चकचकीत लॅकर मारलं आणि अख्खी पाठ दुधासारखी पांढरी झाली. पाच महिन्यांचं काम. दहा मिनिटं मी खुर्चीवरून उठलो नाही.

कारण समजून घ्या म्हणजे घाबरणार नाही. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, आणि पावसाळी हवेतली वाफ त्या थंड थरावर बसून आतच अडकते. खालच्या रंगाला काही झालेलं नसतं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा सावकाश वाळणारं थिनर नुसतं, अगदी धुक्यासारखं, दोनदा मारलं. थर पुन्हा सैल झाला, ओल निघून गेली, रंग परत आला. आता लॅकरच्या आधी एसी तासभर ड्राय मोडवर.

ओझरची_वाट | १३ जुलै २०२५

वाचून हायसं वाटलं. डेकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा आणि आकडे, कुठले वापरताय?

लक्ष्मीनगरकर | ३ ऑगस्ट २०२५

एका मित्राकडची जुनी भारतीय हवाई दलाची शीट होती, पिवळी पडलेली. मे महिन्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पश्चिमेच्या खिडकीला चिकटवून ठेवली, तोंड बाहेर. दोन आठवड्यांत पिवळेपणा जवळजवळ गेला. आपल्या उन्हाचा एवढा तरी उपयोग.

बोअरचं पाणी डेकलला वापरू नका. क्षाराचा पांढरा डाग डेकलच्या कडेला वाळतो आणि पुसता येत नाही. आरओचं घ्या. चकचकीत थरावरच डेकल बसवा, नाहीतर खाली हवा अडकून ते चांदीसारखं चमकतं. हवाई दलाच्या गोल खुणेत केशरी बाहेर, पांढरा मधे, हिरवा आत. आकार फोटोवरून मोजला: मामांची उंची माहीत आहे, त्या हिशेबाने. सी ने सुरू होणारा क्रमांक फोटोत अर्धाच दिसतो. पुढचे आकडे मामांना पाठ होते. ३९ वर्षांनंतर.

लक्ष्मीनगरकर | २४ ऑगस्ट २०२५

आज मोठी चर्चा झाली, ती सविस्तर लिहितो.

आंतरजालावर बक्षिसं मिळवणारी मिग बघून मी सगळ्या रेघांत काळपट वॉश (खूप पातळ केलेला रंग) भरला होता, पंखांवर पावसाचे ओघळ काढले, पोटाखाली काळ्या तेलाचे पट्टे. मला ते खूप आवडलं होतं. मामा आले, बघितलं, आणि फोटो आणायला सांगितला.

फोटो टेबलावर ठेवला. त्यातल्या फडक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे काऊन आहे माझ्या हातात? सकायी साडेपाचला पहिलं काम हेच होतं. नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवायचा आणि पुसायचं. हात फिरवला की कळते कुठं रिव्हेट सैल आहे, कुठं गळून राहिलं. मळलेल्या विमानावर गळती दिसत नाही, म्हणून पुसायचं." थोडं थांबून म्हणाले, "तू असं दाखवलंस की आम्ही कामच करत नव्हतो."

मला काही बोलता आलं नाही.

मग आम्ही दोघं मिळून ठरवत गेलो की कुठे काय राहतं. हायड्रॉलिक तेल तांबडं असतं, काळं नव्हे. सोव्हिएत विमानांत एएमजी-१० नावाचं तेल, लालसर रंगाचं. म्हणून चाकांच्या खोबणीत आणि दांड्यांवर तांबूस, पुसल्यावरही राहणारी चकाकी. चाकं घडी होताना फिरून धडात उभी बसतात, त्यामुळे त्या खोबणीच्या कोपऱ्यांत हात पोचत नाही, तिथे खरी घाण. तोफेच्या नळ्यांच्या मागे काजळी, पण फिकट, कारण तीही पुसतात. शेपटीच्या बुडाशी पॅराशूटच्या नळकांड्याभोवती घासलेलं. पंखांच्या मुळाशी बुटांची धूळ, लाल मातीची. उजव्या बाजूला कमी, डाव्या बाजूला जास्त, शिडीमुळे.

बाकी सगळा वॉश व्हाइट स्पिरिटने काढला. पांढऱ्या बनियनचं फडकं घेऊन, हवेच्या दिशेने, समोरून मागे. निम्म्यात मामांनी फडकं माझ्या हातातून घेतलं. त्यांचा हात आता थरथरतो, पण विमानावर थरथरला नाही.

रंगरेषा | २४ ऑगस्ट २०२५

"पुसल्यावर उरलेली घाण" रंगवणं हे घाण रंगवण्यापेक्षा किती कठीण आहे! आधी लावून मग काढल्यामुळे ते खरं दिसत असणार. जवळून घेतलेला फोटो टाका ना.

अंबाझरी_काठ | २५ ऑगस्ट २०२५

थोडा वेगळा सूर लावतो. मॉडेल हे चित्रही असतं. सपाट हिरवा-तपकिरी पृष्ठभाग टेबलावर खेळण्यासारखा दिसतो, म्हणून लोक सावल्या वाढवतात. प्रत्येकाने फिटरच्या डोळ्यांनीच बघावं असं नाही.

लक्ष्मीनगरकर | २५ ऑगस्ट २०२५

अंबाझरी_काठ, मुद्दा मान्य. सपाट मीही ठेवलेलं नाही. एकाच हिरव्याच्या चार छटा आहेत, कारण पॅनलं वेगवेगळ्या वेळी बदलली जातात आणि वेगवेगळी विटतात. विविधता रंगातून आणली, मळातून नाही. दुसऱ्या कुणाचं युद्धातलं, चिखलातल्या धावपट्टीवरचं विमान असेल तर मळ हवाच. हे विमान ज्यांनी पुसलं ते माझ्या शेजारी बसले होते.

इतवारीवाला | ७ सप्टेंबर २०२५

पिटो ट्यूबचं काय केलं? प्लॅस्टिकची असेल तर पहिल्या झटक्यात जाते.

लक्ष्मीनगरकर | ७ सप्टेंबर २०२५

इंजेक्शनच्या सुयांची केली. १८ गेजची सुई बाहेरून १.२७ मिमी, तिच्या आत २२ गेजची बरोबर सरकते, आणि तिच्या आत ३० गेजची. दुर्बिणीसारखी टप्प्याटप्प्याने निमुळती होते. टोकं कानसने बोथट केली, घरात लहान मुलं आहेत. कॅनॉपी फेविकॉलने चिकटवली. झटपट चिकटणाऱ्या कुठल्याही गोंदाची वाफ काचेवर पांढरी बसते, म्हणून काचेजवळ तो आणायचाच नाही.

लक्ष्मीनगरकर | २८ सप्टेंबर २०२५

परवा, २६ तारखेला, चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ मध्ये २८ स्क्वाड्रन तिथेच उभी राहिली होती, शेवटची विमानं २३ स्क्वाड्रनची. मामा सकाळीच आमच्याकडे आले, इस्त्रीचा शर्ट घालून. टीव्हीवर विमानं उतरली, पाण्याचे फवारे उडाले. मामा काही बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "त्या डाव्या बाजूच्या पोट्ट्याकडे बघ, चाकाजवळ वाकलाय तो." सगळे कॅमेरे पायलटांवर होते.

नंतर मी मॉडेल त्यांच्यासमोर ठेवलं. पूर्ण झालेलं, मॅट थर दिलेलं. त्यांनी चहा बाजूला सारला, चष्मा लावला, वाकून चाकांच्या पातळीवर डोळे आणले. पाच मिनिटं तरी तसेच. मग विचारलं, "चोक कुठं आहेत?"

चाकांना लावायच्या ओंडक्या. मी विसरलो होतो.

"बिनाचोकचं विमान उभं करून फोटो काढला असता तर मले नोकरीवर ठेवलं असतं का?"

ओझरची_वाट | २८ सप्टेंबर २०२५

माझ्या वडिलांना हे वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

तर्री_पोहे | २९ सप्टेंबर २०२५

भाऊ, मग केले का चोक? लाकडाचे का प्लॅस्टिकचे?

लक्ष्मीनगरकर | ५ ऑक्टोबर २०२५

लाकडाचेच. मामा म्हणाले त्यांच्या लाइनवर लाकडी होते, पिवळे रंगवलेले, दोन ओंडक्या दोराने जोडलेल्या. आइस्क्रीमच्या काडीचे त्रिकोणी तुकडे, वाइंडिंगच्या तारेला पीळ देऊन दोर. कडा घासलेल्या, पिवळा रंग टोकांवर उडालेला. तिथे तो खरोखर उडतो, कारण चोक जमिनीवर फेकतात. मुख्य चाकांना एक-एक जोडी, पुढून आणि मागून. आज दुपारी मामांनी चिमट्याने स्वतः लावले.